क्लेबर्गच्या मैदानात पाठमोरी

सकाळी अकराला सामना ठेवणाऱ्या माणसाला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा, बाकी माझं काही मागणं नाही. अकरा ही काय फुटबॉलची वेळ झाली? दुपारी टीव्हीवाल्यांना मोठ्या कॉलेजांचे सामने दाखवायचे असतात, म्हणून आमच्यासारख्यांना सकाळीच उरकून टाकतात. मग आम्ही अंधारात उठायचं, चिलीचं, म्हणजे खिमा-घेवड्याच्या तिखट रश्शाचं, पातेलं गाडीत चढवायचं, ते सांडू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावायचा आणि अर्धं नेब्रास्का तुडवत क्लेबर्गला जायचं. तेही कशासाठी, तर मार खायला. क्लेबर्गच्या मैदानात आमची पोरं शेवटची जिंकली तेव्हा माझे गुडघे शाबूत होते.

मी व्हर्ना नोव्होटनी. डॅनबीत तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि सहनशक्ती कमी. शेजारी बसलेला माझा थोरला भाऊ, अल्विन. आम्हा दोघांपैकी कुणीच डॅनबी कॉलेजात शिकलेलं नाही. मी तिथल्या वर्गात पायसुद्धा ठेवलेला नाही आणि अल्विनने सगळा जन्म धान्याच्या कोठारावर काढला. पण बगळे आमचे. टीमचं नाव बगळे कुणी ठेवलं कोण जाणे; नदीकाठचं कॉलेज, म्हणून ठेवलं असणार. जगात वाघ आहेत, अस्वलं आहेत आणि आमच्या वाट्याला एका पायावर उभा राहणारा पक्षी आला. असो, आला तो आमचा.

लहानपणापासून आम्ही दोघं मैदानात शेजारी शेजारी बसत आलो. आणि एक गोष्ट आमच्यात पहिल्यापासून ठरलेली. किक मी बघत नाही. चेंडू दोन खांबांच्या मधून घालवायची ती मोठी किक, तीन गुणांची. मी बघितली की ती वाकडी जाते. अल्विन म्हणायचा, "मग त्यांची बघ ना, म्हणजे ती वाकडी जाईल." तेही करून बघितलं. त्यांची सरळ गेली. मी बघितलं की जे नको तेच होतं, यात वादच नाही. म्हणून किकची वेळ आली की मी मैदानाकडे पाठ करून उभी राहायची आणि निकाल अल्विनने सांगायचा. गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून तो माझ्या खांद्यावर हात मारायचा. एकदा मारला तर आपलं भलं. दोनदा मारला तर वाटोळं. माझ्या मागे बसणाऱ्या लोकांनी माझं तोंड जितकं बघितलंय तितकं माझ्या नवऱ्यानेसुद्धा बघितलं नसेल, देव त्याला शांती देवो.

या मार्चमध्ये अल्विनचे डोळे गेले. काचबिंदू होता, औषध टाकायचा कंटाळा केला, डॉक्टरकडे जायचं पुढे ढकललं. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. आता त्याला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. तेव्हापासून माणूस खोलीत बसला तो बसलाच. माझं घर रस्त्याच्या पलीकडे. रोज जाऊन दार वाजवायचं, रोज त्याचं एकच, "मला भूक नाही." त्याची मुलगी जीना तिकडे फिनिक्सला असते. ती म्हणाली, "बाबा, इकडे या, एक खोली रिकामीच आहे." आणि हा हो म्हणाला. नेब्रास्काच्या बाहेर एक रात्र काढायला तयार नसलेला माणूस वाळवंटात राहायला हो म्हणतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी घर विकायचं आणि जायचं असं ठरलं.

आता मी काय त्याला बांधून ठेवणार? पण मी म्हटलं, जायच्या आधी क्लेबर्गला एकदा चल. नाही म्हणाला. मी रोज म्हटलं. शेवटी तो वैतागून हो म्हणाला. माझ्या मनात काय होतं ते सांगूनच टाकते. एकदा मैदानात बसला की याच्या अंगात जीव येईल आणि जाणंबिणं विसरेल, असं मला वाटत होतं. तो गेला तर माझं डॅनबीत उरतं कोण? रस्त्यापलीकडचा दिवा बंद दिसला तर मी रोज तिकडे बघायचं कसं?

"हा शेवटचा हं, व्हर्ना," गाडीत तो म्हणाला.

"बरं."

"नुसतं बरं नको. परत गळ घालायची नाही."

"बरं म्हटलं ना."

"डॅनबीत आता मी कुणाच्या काय कामाचा आहे, सांग. कोठारावर गेलो तर लोक खुर्ची देतात. खुर्ची! मला!"

रस्त्याला धुकं होतं आणि समोर एक मक्याचा ट्रक रांगत होता, त्याच्यावर राग काढला.

क्लेबर्गला पाहुण्यांना गाड्या लावायला सगळ्यात लांबचा कोपरा देतात, डुकरांच्या बाजाराला लागून. वारा फिरला की जेवण नकोसं होतं. तरी आमचे डॅनबीचे लोक टेबलं मांडून बसले होते, निळे झेंडे लावले होते, पातेल्यांतून वाफ येत होती. सगळे अल्विनशी मोठमोठ्याने बोलत होते, जणू कान गेलेत. "कसा आहेस, अल्विन? मी हॅरॉल्ड!" तो म्हणाला, "आवाजावरून कळलं, हॅरॉल्ड. शेजारच्या गावालाही कळलं." लोक हसले, पण तो हसला नाही. चिली त्याने दोन चमचे खाल्ली आणि वाटी मला परत दिली. चिलीबरोबर आमच्याकडे खातातच तो दालचिनीचा गोड रोल तर नुसता हातात धरून बसला. चिलीबरोबर रोल न खाणारा अल्विन मी पहिल्यांदाच पाहत होते.

जागाही आमच्या कोपऱ्यातल्या, पार वर. पांढरी काठी घ्यायला तो तयार नाही, म्हणून माझ्या जॅकेटचं टोक धरून पायऱ्या चढला. "ऊन अगदी डोळ्यांवर येतंय," मी बसताना करवादले.

"मला चालेल," अल्विन म्हणाला.

आमची रांग म्हणजे निळ्यांची शेवटची. लगेच मागच्या रांगेपासून लाल सुरू. लाल म्हणजे क्लेबर्गचे नांगरवाले. आणि माझ्या बरोब्बर मागे एक बाई, लाल डगला, डोक्यावर थर्माकोलचा नांगर, मांडीवर बिडाचा तवा आणि हातात भला मोठा पळा. क्लेबर्गची ही रीत. पाहुण्यांकडे चेंडू आला की अख्खं मैदान तवे बडवतं, म्हणजे आमच्या पोरांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. स्वतःकडे चेंडू असला की चिडीचूप.

"बगळे आले वाटतं," ती बाई मागून म्हणाली. "मासे आज मिळायचे नाहीत हं."

"नांगर डोक्यावर घालतात हे नव्हतं माहीत," मी म्हटलं. "वरची जमीन पडीक असेल."

तिचं नाव ट्रूडी, हे मला नंतर कळलं.

मी अल्विनला एक छोटा रेडिओ घेऊन दिला होता, कानात घालायचा, म्हणजे समालोचन ऐकता येईल. मोठा शहाणपणा केला असं मला वाटत होतं. पण रेडिओ मैदानाच्या मागे चालतो. इथे लोक ओरडून खाली बसायचे आणि मग रेडिओवरचा माणूस म्हणायचा, "आता चेंडू सुटतोय." अल्विनला आधी दंगा ऐकू यायचा, मग त्याचं कारण. तीन-चार वेळा तसं झालं आणि त्याने ते कानातून ओढून खिशात कोंबलं.

"तू सांग," तो म्हणाला.

आता खरं सांगते, मला ते जमत नाही. मी आयुष्यभर सामना बघितला तो भांडत बघितला.

"अरे, काय करतोयस! तिकडे कुठे! गाढव!"

"कोण गाढव?" अल्विन.

"तो लांब केसांचा."

"मला केस दिसत नाहीत, व्हर्ना. नंबर सांग. कुठे आहे चेंडू?"

"होता त्याच्याकडे. आता नाहीये. हे पंच बघ, हे बघ, झोपा काढतायत!"

"पंचाचं राहू दे. चेंडू!"

तवे इतके वाजत होते की निम्मं त्याला ऐकूच जात नव्हतं. मी त्याच्या कानाशी ओरडत होते, तो मान मागे घेत होता. तेवढ्यात नांगरवाल्यांनी चेंडू हातात घेऊन आमच्या टोकाच्या रेषेपार नेला, टचडाउन केला, सात गुण घेतले आणि मैदान डोक्यावर घेतलं. अल्विन मान खाली घालून बसला. याला आणलं ते चुकलंच असं मला वाटायला लागलं.

मग त्या पंचाने आमच्यावर एक फाउल दिला, समोरच्याला पकडून ठेवलं म्हणून. उघड उघड अन्याय होता. मी उठले आणि पंचाला त्याच्या आईवडिलांसकट जे सांगायचं ते सांगितलं. मागून ट्रूडी गरजली, "पकडलं की हो त्याने! सगळ्या मैदानाने पाहिलं! आंधळे आहात का तुम्ही बगळेवाले?"

अल्विन सावकाश मागे वळला. "मी आहे," तो म्हणाला. "ही नाहीये. हिला फक्त राग दिसतो."

ट्रूडीचा पळा तसाच हवेत राहिला. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा तिच्या डगल्यासारखा झाला. "अहो, मला काय माहीत," ती म्हणाली. "माफ करा हं. जीभ जळो माझी."

"जीभ राहू द्या. खरंच पकडलं होतं का त्याने?"

"हो हो. तुमच्या बावन्न नंबरने. गळ्याखाली हात घालून शर्ट धरला. अगदी माझ्यासमोर."

"बावन्न," अल्विन म्हणाला. "तो गेल्या वर्षीही असंच करायचा. बघ, व्हर्ना, असं सांगायचं असतं."

झालं. त्यानंतर ती बाई पुढे वाकून त्याच्या कानाशी बोलायला लागली. आणि काय सांगायची! अगदी बारकाईने, कारण आमचं नुकसान सांगताना तिला आनंदच होत होता. "तुमचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पाठीवर पडलाय, साहेब. आडवा. शिरस्त्राण एकीकडे, तो एकीकडे." "किती मागे?" "सहा यार्ड. नाही, सात. उठला. लंगडतोय थोडा." अल्विन मान डोलवायचा. मी हात बांधून बसले होते. माझ्या भावाला माझ्या टीमचा सामना शत्रूच्या बाईने सांगावा, हे मला सहन होईना. पण त्याचा चेहरा वर आला होता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

मध्यंतराच्या आधी आमची किक आली. आम्हीही एक टचडाउन केला होता, सात-सात झाले होते. सवयीने मी वळायला लागले आणि थबकले. मी पाठ फिरवली तर याला सांगणार कोण? ट्रूडी होती, पण हे ट्रूडीचं काम नव्हतं. हे आमच्या घरातलं होतं. मी दात-ओठ खात मैदानाकडे तोंड केलं आणि जन्मात कधी नव्हे ते डोळे उघडे ठेवले.

चेंडू छान उडाला, वर गेला आणि उजव्या खांबाला लागून बाहेर पडला.

लाल माणसं नाचायला लागली. मी अल्विनला म्हटलं, "वाया गेली. खांबाला लागली."

"तू बघितलंस?"

"हो."

"कशाला बघितलंस?"

"मग तुला सांगणार कोण, मेल्या?"

तो हळूच म्हणाला, "बघ, म्हणूनच मी जातोय. माझ्यापायी तुला किकसुद्धा बघायला लागते." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

तेवढ्यात त्यांनी आणखी एक टचडाउन केला; मध्यंतराला नांगरवाले चौदा, आम्ही सात. बँड मैदानात आला. अल्विन म्हणाला, "निघू या का? गर्दीच्या आधी बाहेर पडू." लवकर निघणाऱ्या लोकांना हाच माणूस जन्मभर नावं ठेवत आला होता. मला रडू येत होतं. मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतायत, जरा बसू दे." तो बसला, माझ्यासाठी.

तिसऱ्या डावात काय झालं, देव जाणे, आमची पोरं जागी झाली. चेंडू आमच्याकडे, तवे कानठळ्या बसवत होते आणि तो लांब केसांचा, ज्याला मी सकाळपासून गाढव म्हणत होते, तो मैदानाच्या कडेकडेने जो सुटला तो कुणाच्या हाती लागला नाही. मी उभी, तोंड उघडं, आवाजच फुटेना. ट्रूडीही बोलेना. सगळ्या मैदानातले तवे एकदम थांबले.

"गेला ना आत?" अल्विन म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं?"

"ऐक की. काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"तेच. परक्या मैदानात आपलं बरं झालं की काही ऐकू येत नाही. घरी बसून हे कळलं नसतं."

चौदा-चौदा झाले. त्यानंतर तो पुढे सरकून बसला, हात गुडघ्यांवर, मान जरा तिरकी. आता मध्ये मध्ये तोच सांगायला लागला. "तवे मंदावले. चार-पाच यार्ड मिळाले आपल्याला." ट्रूडी म्हणायची, "पाच." "आता सगळे श्वास धरून बसलेत, म्हणजे चेंडू तुमच्याकडे. खालचे लोक उठले, बाकं वाजली. लांब फेकला का?" "फेकला. पडला." "पडला ते कळलं हो. हाय म्हणालात ना तुम्ही." ट्रूडी मला म्हणाली, "हे नेहमी असेच का?" मी म्हटलं, "पूर्वी याहून वाईट होते." आणि तो हसला. मार्चनंतर पहिल्यांदा. मी तोंड फिरवून नाक पुसलं. थंडी होतीच, कुणाला काही कळलं नाही.

चौथ्या डावात आमच्या पोरांनी त्यांना त्यांच्याच टोकाला दाबून जमिनीवर आणलं. त्याचे दोन गुण. सोळा-चौदा! क्लेबर्गमध्ये, चौथ्या डावात, आम्ही पुढे! मी अल्विनला मिठी मारली, हॅरॉल्डला मारली, पलीकडच्या अनोळखी माणसालाही मारली. चेंडूही परत आमच्याकडेच आला. आता फक्त तो कवटाळून पळायचं, घड्याळ संपवायचं आणि घरी जायचं. शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आमच्या प्रशिक्षकाला काय बुद्धी झाली असेल? त्याने चेंडू फेकायला लावला. पडला. पडला की घड्याळ थांबतं. परत फेकायला लावला. परत पडला.

"फेकतोय?" अल्विन ओरडला. "पुढे असताना फेकतोय?"

"फेकतोय, साहेब," ट्रूडी म्हणाली. "आमच्यावर उपकार करतोय."

मग चेंडू त्यांच्याकडे गेला. सगळं मैदान चूप, आणि ते थोडे थोडे पुढे येत होते. तीन यार्ड, पाच यार्ड, परत तीन. ट्रूडीचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंदच झाला. घड्याळात शेवटचे काही सेकंद उरले आणि त्यांचा किक मारणारा पोरगा धावत मैदानात आला. गेली तर सतरा-सोळा. नाही गेली तर बगळे क्लेबर्गमध्ये जिंकले.

मी मनाची तयारी केली. बघायचं. एकदा बघितली आहे, परत बघायची. अल्विनला कळलं पाहिजे. मी बाकाची कड घट्ट धरली आणि समोर बघत उभी राहिले.

माझ्या बाहीला हात लागला. अल्विन चाचपडत उभा राहिला होता. त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि मला वळवायला लागला.

"फिर तिकडे," तो म्हणाला.

"अरे, मग तुला..."

"फिर म्हटलं ना, व्हर्ना. आपली किक तू एकदा घालवलीस, तेवढं पुरे."

मी फिरले. मैदानाला पाठ, तोंड ट्रूडीकडे. तिने तवा छातीशी कवटाळला होता, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. म्हणजे तीसुद्धा बघत नव्हती. तिच्या मागे रांगांमागून रांगा लाल माणसं, सगळी उभी, एकाच्याही तोंडातून आवाज नाही. वर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढीच ऐकू येत होती. अल्विनचा हात माझ्या उजव्या खांद्यावर होता, थंडगार आणि स्थिर.

मग खालून आवाज आला. बूट चेंडूवर बसल्याचा. त्याच्यात काय होतं ते मला कळलं नाही. मला नुसता धप्प ऐकू आला.

अल्विनचा हात उचलला गेला. खांद्यावर एकदा पडला. आणि परत एकदा पडला.

त्यानंतर मैदान फुटलं. समोर सगळी लाल माणसं एकदम वर उडाली, तवे, नांगर, टोप्या, काय काय. ट्रूडीने डोळे उघडले तेव्हा तिला कळलं. मला तिच्या आधी कळलं होतं. मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"बरोबर मधून गेली असणार," अल्विन माझ्या कानाशी म्हणाला. "आवाज गच्च होता. फाटका नव्हता."

मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. हरलो म्हणून रडले, नाही म्हणून कशाला सांगू? सोळा-चौदा होतो आम्ही. क्लेबर्गमध्ये. असं परत कधी व्हायचं? पण नुसती त्यासाठी रडले असंही नाही.

ट्रूडी बाकं ओलांडून खाली आली. तिने अल्विनचा हात दोन्ही हातांत धरला. "चेंडू अजून वरच होता ना हो," ती म्हणाली. "मी डोळे मिटून होते, पण तुम्ही हिच्या खांद्यावर मारलेलं मला ऐकू आलं. मला वाटलं, वाया गेली आमची. तुम्ही दुःखाने मारताय की आनंदाने, मला काय ठाऊक?"

"आमच्यात दोनदा म्हणजे वाटोळं," अल्विन म्हणाला.

तिने पिशवीतून एक डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. दालचिनीचे रोल. "हरलेल्या माणसाने गोड खावं," ती म्हणाली. मला म्हणाली, "तुम्हीही घ्या. बगळे काही अगदीच वाईट नव्हते." मी म्हटलं, "नांगर जरा सरळ करा, तिरका झालाय." आणि मग आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली, ते कुणी डॅनबीत सांगू नये.

पायऱ्या उतरताना अल्विनने माझं जॅकेट धरलं होतं. आमचे लोक पडलेल्या तोंडाने गाड्यांत सामान भरत होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. डुकरांचा वास सुटला होता. मी गाडी काढली. गाव संपेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पोरं आम्हाला टाटा करत होती, पुढच्या वर्षी या म्हणून. मी काच वर केली.

हमरस्त्याला लागलो तसा अल्विन सुरू झाला.

"पुढे असताना फेकतो! दोन गुणांनी पुढे, घड्याळ आपलं, आणि हा फेकतो! त्याला हाकलून द्या म्हणावं. कोठारावर पोती उचलायला ठेवतो त्याला मी. पळवायचा ना चेंडू! लांब केसांचा एवढा पळतोय, त्याला द्यायचा!"

"तेच म्हणतेय मी."

"तू काय म्हणतेयस? तू तर त्याला गाढव म्हणत होतीस."

"सकाळी होता तो गाढव. दुपारी सुधारला."

तो एकामागून एक रोल खात होता. डब्यात हात घालून चाचपायचा, खायचा, परत प्रशिक्षकावर घसरायचा. बावन्न नंबरवर घसरला. पंचावर घसरला, म्हणाला तू बोललीस ते कमीच होतं. मी गाडी चालवत होते आणि हो हो करत होते. दुपारचं ऊन कापलेल्या मक्यावर पडलं होतं. फिनिक्सचं नाव काढायची मला भीती वाटत होती. ज्या बोलण्यासाठी मी त्याला एवढ्या लांब ओढून आणलं होतं ते बोलायची आता हिंमत होईना. तोंड उघडलं आणि त्याला आठवलं तर?

नदीचा पूल आला. चाकांचा आवाज बदलला की त्याला कळतं आपण कुठे आलो ते. त्याने बोटं रुमालाला पुसली, खिशातून तो छोटा रेडिओ काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे डबडं पुढच्या शनिवारी आणू नकोस," तो म्हणाला. "आणि नंबर सांगायला शीक."

पुढच्या शनिवारी म्हणाला तो. मला खूप काही बोलायचं होतं, पण माझा काही भरवसा नाही, मी बोलले की जे नको तेच होतं. म्हणून मी समोर बघत राहिले आणि नुसता त्याच्या खांद्यावर हात मारला. एकदा.